खाली कुणी नाही

१

शांतता पाहिजे, शांतता पाहिजे. बिकलने सबंध पावसाळाभर हे एकच तुणतुणं लावलं होतं. सिलिगुडीत बसस्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दुकानाच्या डोक्यावर घर, आणि दिवसभर हॉर्नचा असा कालवा की उशीवर डोकं टेकलं तरी कानात हॉर्नच वाजायचे. त्याची बायको सुजनाही काही आरामात नव्हती. दवाखान्याच्या खिडकीत बसून ती दिवसभर रोग्यांची नावं पुकारायची. शेवटी तीच म्हणाली, "चल, शनिवार-रविवार वर जाऊन येऊ. आमच्या मळ्यात. शांतता इतकी मिळेल की पळून येशील."

मळा म्हणजे सिमखोला, खरसांगच्या वरच्या अंगाला. सुजना तिथेच जन्मली आणि वाढली. तिची आमा, म्हणजे आई, मळ्यात पत्ती खुडायची. आमा वारली, घर कंपनीने दुसऱ्या कामगाराला दिलं, आणि माहेर म्हणावं असं सुजनाला काही उरलं नाही. पण शेजारची सोनकित लेप्चा होती. लहानपणी सुजनाच्या वेण्या घालणारी ही दिदी आता विधवा झाली होती आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन बऱ्यापैकी तग धरून होती. घर मळ्याच्या अगदी वरच्या टोकाला. कामगारांच्या चाळी खाली राहिल्या, आणि घराच्या मागे लगेच चहाचा चढ सुरू.

शनिवारी दुपारी पोहोचले तेव्हा धुकं इतकं दाट की बिकलला स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. त्यांची दुसरीतली पोर, एलिसा, मागच्या सीटवर दोनदा ओकली होती.

"आलात एकदाचे," सोनकित दारातच म्हणाली. "ज्वाईं, तुम्ही गाडी चालवता की हातगाडी? भात तीनदा गरम केला मी."

"दिदी, रस्ता दिसत नव्हता."

"रस्ता इथे कुणालाच दिसत नाही. आपण जातो, तो येतो पायाखाली." तिने एलिसाची हनुवटी धरली. "आणि ही कोण एवढीशी? हिला सिलिगुडीत खायला घालत नाही वाटतं."

गुंद्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, आंबट सार, डल्ले मिरचीचं लोणचं आणि भात असं सगळे पोटभर जेवले. एलिसाने जिभेवर मिरचीचं एक बी ठेवून पाहिलं आणि अर्धा तास रडली. बिकल खिडकीशी बसून राहिला, बाहेर नुसतं पांढरं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की सुजनाला स्वतःचाच अभिमान वाटला. आणलं की नाही बरोबर जागी.

२

रविवारी सकाळी त्या समाधानाचे बारा वाजले. स्वयंपाकघरातला रेडिओ सोनकितने उजाडताच असा फोडला होता की कपाटातले पेले थरथरत होते. कुठल्याशा जुन्या नेपाळी गाण्याचा कर्णा नुसता. खाली चाळींतही तेच. प्रत्येक घरातून वेगळं गाणं, आणि सगळी गाणी धुक्यातून एकमेकांत कालवून वर येत होती.

बिकल डोळे चोळत बाहेर आला. "दिदी, कुणाचं लग्न आहे का?"

"रविवार आहे."

"रविवारी लोक झोपतात."

"धुकं असलं की गाणी लागतातच आमच्याकडे, ज्वाईं. सवय आहे."

"अहो, आम्ही गाण्यांपासूनच पळून आलो. सिलिगुडीत काय कमी वाजतं?" तो हसत हसत म्हणाला, पण ऐकणार नव्हता. बिकल तसा गोड माणूस, फक्त एकदा मनात घेतलं की खुंटा हलायचा नाही. "तुमच्या फलकावरच लिहिलंय की, शांत निवास म्हणून."

सोनकितने सुजनाकडे बघितलं. सुजनाला दोघांमध्ये पडायचं नव्हतं. ती म्हणाली, "दिदी, राहू दे ना जरा वेळ बंद. पाहुणा आहे."

जावयाचा शब्द, त्यातून पैसे मोजणारा पाहुणा. सोनकितने रेडिओ बंद केला. मग चर्चला जायची शाल अंगावर घेताघेता म्हणाली, "मी येतेच प्रार्थना आटोपून. तोवर आत बसा, दारं लावून. बाहेर जळवा आहेत. पोरीला थंडी बाधेल."

एकाच गोष्टीला दिदीने जळवा आणि थंडी अशी दोन वेगवेगळी कारणं दिली, हे सुजनाच्या लक्षात आलं, पण तेवढ्यापुरतंच.

३

ती गेली आणि घर खरंच शांत झालं. चाळींतली गाणी असतील चालू, पण धुकं वर सरकलं आणि ती गिळली गेली. पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. बिकल पुन्हा पांघरुणात शिरला. सुजनाने चहा केला. मळ्यातली माणसं घरी पितात तो, धुळीसारख्या चुऱ्याचा, दुधाचा, काळपट गोड. पेला घेऊन ती मागच्या व्हरांड्यात आली. एलिसा अंगणात दगडाने दगड फोडत बसली होती. जळवा नव्हत्या आणि थंडीही फारशी नव्हती.

वर चढावरून आवाज येत होता, तो आधीपासूनच तिच्या कानात असावा. खुट, खुट, खुट. खूप जणी बोटं मोडत बसल्यात असा. तिला छान वाटलं. दोन पानं आणि कळी नखात धरून मोडली की होणारा तो आवाज तिने कुठेही ओळखला असता.

मग हाक आली.

धुक्यात खुडणाऱ्या बायकांची ही रीत. चढावर वरून खाली एका रांगेत उभं राहायचं. कुणी कुणाला दिसत नाही, आणि बाजूला कडे आहेत. म्हणून सगळ्यात वरची बाई तिच्या खालचीला हाक मारते. खालचीने ओ द्यायची आणि लगेच आपल्या खालचीला हाक मारायची. हाक अशी उतरत उतरत शेवटच्या बाईपर्यंत जाते, ती ओरडते, "खाली कुणी नाही." मग सगळ्या पुन्हा कामाला लागतात. आणि कुणी ओ दिली नाही तर सगळी रांग काम टाकून खाली उतरते, तिला शोधायला. सुजना शाळेच्या सुट्टीत आमाच्या खाली उभी राहायची. एकदा गंमत म्हणून तिने खाली दुसरी मुलगी असताना "खाली कुणी नाही" म्हटलं, तर आमाने कधी नव्हे ती तोंडात मारली होती. रांगेत खोटं बोलायचं नाही.

"माइली होऽ."

"आहे. साइँली होऽ."

"आहे. काइँली होऽ."

"आहे. कान्छी होऽ."

माइली घरातली दुसरी, साइँली तिसरी, काइँली चौथी, आणि कान्छी म्हणजे धाकटी. मळ्यात सुजनाला दुसरं नाव नव्हतंच. हातात पेला, डोळे अर्धे मिटलेले, मन तेरा-चौदा वर्षांचं. तिने विचार केलाच नाही.

"आहे," ती ओरडली.

आणि ओ दिली की पुढची हाक आपसूक येतेच तोंडात. खाली अंगणात पोर बसली होती. सुजनाला हसू आलं, आणि तिने मजेत, मळ्यातल्या सुरात, लांबवून हाक मारली.

"एलिसा होऽ."

"आहे," एलिसा दगड टाकून टणकन ओरडली. तिला हा नवीन खेळ वाटला. "आता मी कुणाला बोलवू आमा?"

"कुणाला नाही. तू शेवटची."

वरचा खुटखुटाट थांबला होता. सगळा एकदम. बायका काही ऐकायला थांबाव्यात तसा. सुजनाने चहाचा घोट घेतला आणि तो घोट गिळतानाच तिला आठवलं की आज रविवार आहे. रविवारी मळा बंद असतो. तिच्या आजीच्या काळापासून बंद असतो.

४

आता माणसाचं मन असं असतं की घाबरायच्या आधी ते हजार पळवाटा शोधतं. जादा काम असेल. दुर्गापूजेआधी कंपनी रविवारीही बोलावत असेल, दुप्पट हजेरी देऊन. आणि कान्छी काय एकटी सुजनाच आहे? घरटी एक कान्छी असते. चढावर कुणी दुसरी कान्छी असेल, तिने ओ दिली असेल, आपला आवाज वर पोहोचलाही नसेल. मधे लुडबूड केली म्हणून बायका हसत असतील.

पण दुसऱ्या कान्छीची ओ तिने ऐकली नव्हती.

ती अंगणात उतरली आणि घराच्या मागे गेली. धुकं क्षणभर विरळ झालं. मागच्या चढावर चहाची झुडपं नव्हतीच. झाडं होती. चहाला कापलं नाही की तो वाढतो, हे मळ्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. कमरेएवढा ठेवलेला चहा वर्षानुवर्षं सोडून दिला की त्याचं रान होतं. इथे दोन पुरुष उंच रान झालं होतं, खोडांना शेवाळ, मधे वेलींचं जाळं. माणूस आत शिरू शकला नसता. टोपली पाठीवर घेऊन तर नाहीच.

ती एलिसाचा हात धरून आत आली आणि मागचं दार लावलं. कडी दोनदा ओढून पाहिली. स्वतःवर हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही.

सोनकित चर्चहून आली ती धापा टाकतच. बहुतेक पळत आली होती. तिने आधी रेडिओ लावला, मग शाल काढली. रेडिओ ऐकून बिकल आतून कण्हला.

"दिदी, तो मागचा भाग कधी सोडला?" सुजनाने विचारलं.

"तू लग्न होऊन गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी."

"का?"

"कंपनीला परवडेना." सोनकितने चूल पेटवायला घेतली. काडी विझली. दुसरी काढली. मग पाठमोरीच म्हणाली, "तू बाहेर बसली होतीस?"

"थोडा वेळ."

"काही ऐकलंस?"

सुजना पेला विसळू लागली. सोनकित वळली. वेण्या घालताना केस ओढले की रडू नको म्हणून दटावायची, तोच चेहरा, फक्त आता त्यावर भीती होती.

"कान्छी, तू ओ दिलीस?"

"सवयीने दिली दिदी. मला काय माहीत."

"बरं. बरं." ती खाली बसली. "होतं असं. मागे एका पाहुण्यानेही दिली होती."

"मग?"

"मग काय, गेला तो घरी." ते कसं, कुठे, हे तिने सांगितलं नाही. "पुढे कुणाचं नाव घेतलंस का? ओ दिल्यावर?"

एलिसा पलीकडे सेल रोटी खात होती. गोल कडं बोटात अडकवून फिरवत होती. खरं बोलावं तर ते खरं होऊन बसणार, असं तिला वाटलं. आणि लाजही वाटली. कुठली आई असं करते?

"नाही," ती म्हणाली. "कुणाचंच नाही."

"देवाची दया," सोनकित म्हणाली. "मग तुझ्यापाशीच थांबलं. जा आता, जेवायलाही थांबू नका. गाडीत गाणी लाव मोठ्याने आणि खरसांग येईपर्यंत काच उघडू नकोस."

५

बिकलला समजावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. संध्याकाळी निघायचं ठरलं होतं, खोलीचे पैसे दिलेत, आणि आता जेवायच्या आधी पळायचं?

"तुमच्या मळ्यातल्या बायकांना हे वेड कुठून येतं ग?" तो पिशवीत कपडे कोंबत म्हणाला. "कुणीतरी ओरडलं, तू ओरडलीस. भुताला कळणार कसं तू कोण ते? कान्छ्या काय कमी आहेत जगात?"

"तू फक्त गाडी काढ."

"काढतो. पण सोमवारी दुकानात लोकांना काय सांगू? शांतता फार झाली म्हणून परत आलो?"

याच वेळी वीज गेली. डोंगरात वीज जायला काही कारण लागत नाही, धुक्यातही जाते आणि उन्हातही जाते. पण रेडिओ एका शब्दावर तुटला, खाली चाळींतली गाणीही त्याच क्षणी बंद पडली, आणि सगळ्या सिमखोल्यात एकदम पन्हळीचं ठिबकणं तेवढं उरलं.

सोनकित स्वयंपाकघरात ताटावर पळी बडवू लागली. नुसती बडवत राहिली, तोंडाने काहीबाही पुटपुटत. खालून कुणीतरी पत्र्यावर काठी मारायला सुरुवात केली. पण दोन ठोक्यांच्या मधे फट राहतेच.

"माइली होऽ."

आता ते चढाच्या वर नव्हतं. घराच्या बरंच जवळ होतं.

"आहे. साइँली होऽ."

"आहे. काइँली होऽ."

"आहे. कान्छी होऽ."

सुजनाने एलिसाला छातीशी आवळलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. स्वतःचे दात तिने असे आवळले की कानशिलं दुखली. ओ देण्याची ती ओढ किती खरी होती, हे तिने पुढे कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. उचकी दाबावी तशी ती दाबावी लागत होती.

"आमा, तुला बोलावतायत," एलिसा बोटांच्या फटीतून म्हणाली.

"गप."

"कान्छी होऽ," पुन्हा. तोच सूर, पण जरा काळजीचा.

बिकल दारात उभा होता, हातात एलिसाचा स्वेटर. हसू त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं होतं, पण त्याने मान हलवून विचारलं, कोण आहे? त्यालाही ऐकू आलं होतं. सुजनाला त्यामुळे फार वाईट वाटलं. तोवर तिला कुठेतरी आशा होती की आपल्याच डोक्यात बिघाड आहे.

तिसरी हाक आली नाही. त्याऐवजी मागच्या रानात फांद्या मोडू लागल्या. सावकाश, एकीमागून एक, चढाच्या सगळ्या रुंदीभर. रांग उतरत होती. कुणाला तरी शोधायला. ते सगळं नियमाप्रमाणेच चाललं होतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. आणि उतरता उतरता त्या आपसात बोलत होत्या, दिवसभराच्या कामाने दमलेल्या बायका बोलतात तशा, साध्या आवाजात.

"कान्छीच्या खाली कोण होतं?"

"तिने नाव घेतलं ना. एलिसा."

"लहान असेल."

"आवाज लहान होता."

स्वयंपाकघरातली पळी थांबली. सोनकित उंबऱ्यात येऊन सुजनाकडे बघत राहिली. सुजनाला तिच्याकडे बघवलं नाही.

६

रांग अंगणापर्यंत पोहोचायच्या आत गाडी निघाली. एलिसाला उलटीची गोळी दिली होती, ती दुसऱ्या वळणावरच झोपली. मागच्या सीटवर आडवी, अंगावर बापाचं जाकीट. बिकलने काचा वर केल्या आणि गाणी लावली. सुजना मागे वळून पोरीकडे बघत होती. दर वळणावर बघत होती.

"ऐक," बिकल शेवटी म्हणाला. "त्यांनी तिचं नाव घेतलं. त्यांना कसं माहीत?"

"मी हाक मारली होती."

"तू?"

"सकाळी. खेळात. सवयीने आलं तोंडात." ती रडू लागली. "मी दिदीला खोटं सांगितलं. मला लाज वाटली रे."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त गिअर बदलला आणि म्हणाला, "खरसांगला पोहोचलो की झालं. एकदा बाजारात शिरलो की तिथे कोण कुणाचं ऐकतंय."

मळ्याचा रस्ता त्याच चढाला वळसे घालत उतरतो. प्रत्येक वळणावर डाव्या हाताला तेच माजलेलं रान पुन्हा समोर येतं. एका वळणावर गाणं मधेच खरखरलं आणि फोनवरची गाणी वाजवणारं गाडीतलं यंत्र फोनपासून तुटून गप्प झालं. बिकलने ब्रेक दाबला. पुढे धुकं भिंतीसारखं उभं होतं, रस्त्याची कड कुठे आणि कडा कुठे काही कळेना.

"थांबू नकोस."

"दिसत नाहीये, सुजना. दरीत घालू का?" तो फोन शोधायला लागला. फोन हातातून निसटला, पायाशी गेला. तो शिव्या देत खाली वाकला.

सुजनाने डावीकडे बघितलं.

धुक्याचा एक पदर बाजूला झाला होता, आणि रानाच्या शेंड्यांवर बायका दिसत होत्या. एका रांगेत, वरून खाली. पाठीवर टोपल्या, टोपल्यांचे पट्टे कपाळावर, त्यामुळे माना खाली घातलेल्या. त्या कमरेच्या वर दिसत होत्या. कमरेएवढ्या चहातून चालावं तशा सावकाश पाय टाकत येत होत्या. आणि ती झाडं दोन पुरुष उंच होती. खाली पाय कशावर पडत असतील, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो तिथेच सोडला. रांगेत एक जागा मोकळी होती. त्या जागेच्या खाली आणखी एक जागा मोकळी होती, पण तिथला पाला फार खाली, लहान मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर बाजूला होत होता.

"कान्छी होऽ."

पोर मागे झोपली होती. श्वास चालू होता, जाकीट वरखाली होत होतं. सुजनाला एकदम सगळं सोपं वाटलं. रांगेला उत्तर हवं आहे. उत्तर मिळालं की रांग थांबते. आणि शेवटची कोण, हे शेवटचीनेच सांगायचं असतं.

तिने दार उघडलं.

"सुजना, काय करतेस? आत ये."

"तू पोरीला घेऊन जा," ती म्हणाली. "मागे बघू नकोस." आणि दार लावून घेतलं, हळूच, पोर जागी होऊ नये म्हणून.

७

रस्ता ओला होता. तिने चपला काढल्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं. तिला फार भीती वाटत होती, तरी आवाज स्वच्छ निघाला. आमाने शिकवलेला, पोटातून काढायचा आवाज.

"आहे," ती ओरडली. "कान्छी आहे. खाली कुणी नाही."

रांग थांबली. माना खालीच होत्या, पण सगळ्या टोपल्या एकाच वेळी स्थिर झाल्या. फांद्यांचा आवाज बंद पडला. सुजना उभी राहिली. आता काय व्हायचं ते आपल्याला होईल, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तिला रडूही आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. पोर सुटली. बिकल चिडेल, रडेल, पण पोरीला वाढवेल. तो हट्टी आहे, वाढवेलच.

"खाली कुणी नाही," तिने पुन्हा सांगितलं.

तेव्हा रस्त्याच्या उजव्या अंगाला, जिथे चढ संपून दरी सुरू होते, तिथून खालून आवाज आला. सकाळच्या अंगणातलाच, टणकन, खेळात ओरडावं तसा.

"आहे."

सुजना वळली. गाडीच्या मागच्या काचेतून एलिसा दिसत होती. गालाखाली मूठ, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले.

"मी आहे की आमा," दरीतून एलिसाचा आवाज म्हणाला. त्यात रुसवा होता. मग तो लांबला, मळ्यातल्या सुरात, जो तिने आजच पहिल्यांदा ऐकला होता. "बाबा होऽ."

सुजना गाडीकडे धावली. ती ओरडत होती, नको, नको, पण गाणी पुन्हा लावायच्या धडपडीत बिकलची मान अजून सीटखाली होती, एक हात फोन चाचपडत, आणि पोरीने हाक मारली की बघायच्या आधी ओ देणारा तो बाप होता.

"हं, आहे ग," तो वर न बघताच म्हणाला. "काय पाहिजे?"

रांगेला तिघांचीही ओ मिळाली, आणि वर रानात पुन्हा पानं खुडायला सुरुवात झाली.